रोज सकाळी बाळशी भांडण

माझ्या भावाला सगळे बाळ म्हणतात. वय सेहेचाळीस, डोक्यावर केस मोजून वीस, घरी दहावीतली मुलगी, तरी बाळ. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. मला कोणी कधी लाडाने हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही. मी ताई. त्याची ताई, शेजारच्यांची ताई, लॅबमधल्या सगळ्यांची ताई. ताई ही एक नोकरी आहे आणि तिला निवृत्तीचं वय नाही.

बाळच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणी देणारं आहे का?" भावजयीचा रक्तगट जुळत नव्हता, आई शहात्तर वर्षांची. डॉक्टरांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं, तोच बाळ म्हणाला, "ताई आहे ना."

मी त्याच खोलीत होते. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. छत्री आणली आहे का असं विचारल्यावर माणूस कोपऱ्याकडे बोट दाखवतो ना, तसं. डॉक्टरांनी मात्र मला नीट न्याहाळलं, वजन-साखर तपासायला लावली आणि कागद बघून म्हणाले, "यांचं वजन जास्त आहे. साखर अगदी काठावर आहे. दहा किलो उतरवल्याशिवाय मी यांना टेबलावर घेणार नाही. चार महिन्यांत जमवा. याच्या हृदयावर ताण यायला लागलाय, फार थांबता येणार नाही." मी मान हलवली. का हलवली ते विचारू नका. बावन्न वर्षांची सवय, हलली.

मी एका लॅबमध्ये कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्याचे प्लास्टरचे साचे येतात, त्यांवर मी मेणात दात बसवते, मग पक्की कवळी करून घासून गुळगुळीत करते. सव्वीस वर्षं एकाच स्टुलावर. लोकांनी नीट चावावं म्हणून मी दिवसभर बसते आणि त्यात माझंच वजन अठ्ठ्याहत्तर झालं. घरी आल्यावर आई. त्याआधी सहा वर्षं बाबा. त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली ती गेलीच. त्या सहा वर्षांत बाळ दर रविवारी दुसऱ्या शहरातून फोन करायचा आणि उंटावरून शेळ्या हाकायचा. "दर दोन तासांनी कूस बदलवतेस ना गं?" त्याला कूस म्हणजे काय ते तरी माहीत होतं का, देव जाणे.

व्यायाम मला जमेना. पहिल्या आठवड्यात तीन दिवस गेले, दुसऱ्या आठवड्यात एक, तिसऱ्यात बुटांना मुंग्या लागल्या. तेव्हा हॉस्पिटलने मला मनाच्या वर्गाला पाठवलं. दर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता, दुसऱ्या मजल्यावर. चाळिशी-पन्नाशीची आम्ही सात माणसं, सगळी व्यायाम सुरू करून सोडणारी. त्यात एक पोस्टमन होता. तीस वर्षं गावभर चालला आणि डेस्कवर बढती मिळताच जो बसला तो उठलाच नाही. वर्ग घेणारे मास्तर पूर्वी पोहणं शिकवायचे. आवाज अजून तसाच, तलावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा असा.

मास्तरांचं म्हणणं सोपं होतं. "शरीर आळशी नसतं. पाय थांबायच्या आधी मन एक वाक्य बोलतं. ते वाक्य पकडा. एकदा सापडलं की त्याला उत्तर देता येतं." मग दुसरी गोष्ट: रोज सकाळी अंथरुणातच पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. बूट, दार, रस्ता, श्वास, सगळं आधी मनात चालून यायचं. आणि सगळ्यात शेवटी, ज्याच्यासाठी हे करताय त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा.

प्रत्येकाने आपापला चेहरा सांगितला. पोस्टमनची नात. एका दुकानदारीणबाईंचा नवरा. माझी पाळी आली. मी म्हटलं, "भाऊ. त्याला किडनी द्यायची आहे." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोस्टमनच्या तर डोळ्यांत पाणी आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सांगितल्याप्रमाणे केलं. डोळे मिटले. बूट घातले, मनात. दार उघडलं, मनात. मग बाळचा चेहरा आणला. तो चेहरा आला आणि माझे पाय पलंगाला चिकटले. खोटं सांगत नाही, कोणीतरी मांड्यांवर पोतं ठेवल्यासारखे. मी आडवी झाले आणि सात वाजेपर्यंत झोपले. असं आठवडाभर चाललं. मी इतक्या प्रामाणिकपणे मनाचा व्यायाम केला की वजन अर्ध्या किलोने वाढलं.

पुढच्या मंगळवारी मास्तरांनी चिठ्ठ्या वाटल्या. आपापलं वाक्य लिहा. मी लिहिलं, "थंडी आहे."

मास्तरांनी चिठ्ठी वाचली. "ताई, उन्हाळा चालू आहे."

सगळे हसले. मीही हसले. खरं वाक्य मला चांगलं ठाऊक होतं. ते असं होतं: आज चाललीस तर तो दिवस जवळ येईल. पण असलं काही चिठ्ठीवर लिहितात का? टाळ्या वाजवलेल्या माणसांसमोर? मी मूग गिळून घरी आले.

घरी आईने माझे बूट पुसून, नाड्या सैल करून, पलंगापाशी जोडीने ठेवले होते. वर मोजे. सकाळी मी उठत नाही हे बघून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, धाकटा आहे तो. तुझ्याशिवाय कोण आहे त्याला?"

"त्याला बायको आहे, मुलगी आहे, तू आहेस. मला कोण आहे ते सांग."

"असं काय बोलतेस सकाळी सकाळी? त्याने तुला कधी दुखवलंय का?"

मी बूट घातले ते तिच्यापासून लांब जाण्यासाठी. दार आपटलं. रस्त्याला लागले आणि मनातल्या मनात तिला उत्तर द्यायला सुरुवात केली. कधी दुखवलंय? ऐक. आईला सांगता सांगता समोर बाळ कधी आला ते कळलं नाही. मग त्यालाच धरला. त्या रविवारच्या फोनपासून सुरुवात केली. माझं मनगट मोडलं होतं, डाव्या हाताने बाबांचं सगळं करत होते आणि त्याला म्हटलं होतं, आठ दिवस ये. तो म्हणाला, "रजाच नाही गं." आणि त्याच आठवड्यात भावजयीने समुद्रावरचे फोटो पाठवले. चुकून. मलाच. तिथपर्यंत आले तेव्हा भान आलं. मी पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. घरापासून अडीच किलोमीटर. घामाने ब्लाउज पाठीला चिकटलेला. इतकी मी आयुष्यात सलग चालले नव्हते. आणि परतही चालतच जायचं होतं, म्हणजे अजून अडीच किलोमीटर भांडण.

मग मी ते रोजचंच केलं. मास्तरांची रीत तीच, फक्त चेहरा आणल्यावर मी त्याच्यावर माया करत नसे, त्याला फाडून खात असे. पहाटे डोळे मिटायचे, बाळला समोर उभा करायचा आणि विषय ठरवायचा. एकेका टप्प्याला एकेक मुद्दा. फाटकापासून औषधांच्या दुकानापर्यंत ती हवेची गादी: पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याने पाठवली होती, लहान मुलाच्या मापाची, वर 'काळजीपूर्वक निवडून' अशी चिठ्ठी. दुकानापासून बस डेपोपर्यंत रजा आणि समुद्र. डेपोपासून शाळेच्या भिंतीपर्यंत बाबा गेले तो दिवस: बाळ सगळ्यात शेवटी आला, सगळ्यात मोठ्याने रडला, आणि सगळे त्यालाच पाणी देत होते. मी चादरी गोळा करत होते. शाळेनंतर चढ होता. चढासाठी मी नेहमी जोरदार काहीतरी राखून ठेवायची.

वजन उतरायला लागलं. शहात्तर. चौऱ्याहत्तर. साखर खाली आली. लॅबमध्ये म्हणाले, "ताई, तरुण दिसायला लागलात." मी म्हटलं, भांडून बघा, चेहऱ्याला फार चांगलं असतं. त्यांना गंमत वाटली.

बाळ अधूनमधून घरी यायचा. आजारपणानंतर बदली घेऊन याच शहरात आला होता. रंग राखेसारखा झालेला, पायांवर सूज, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मला बघून म्हणायचा, "वा ताई, मस्त चाललंय!" जणू मी हौसेने बारीक होतेय. मी चहा ठेवायची. सकाळी पाच किलोमीटर ज्याला सोलून काढला त्यालाच संध्याकाळी विचारायची, "साखर किती घालू?" एक शब्द बाहेर पडायचा नाही. आणि त्याचा मला त्याच्याहून माझाच राग यायचा.

सत्तरवर काटा अडकला. तीन आठवडे हलेना. मी चालत होते, पण पाय जड पडत होते. मुद्दे तेच, शिव्या त्याच, चढावर पोचेपर्यंत मला माझाच कंटाळा यायचा. वर्ग संपल्यावर मास्तरांना सगळं खरं सांगून टाकलं. टाळ्यांपासून. मला वाटलं ते उपदेश करतील. ते खुर्च्या रचत होते, रचतच राहिले.

"तुमच्या भांडणात भाऊ काय बोलतो?"

"तो काय बोलणार? मी त्याला बोलू देते होय?"

"मग ते भांडण नाही ताई. भाषण आहे. भाषणाने माणूस दमतो." त्यांनी शेवटची खुर्ची ठेवली. "उद्या त्याला बोलू द्या. काय म्हणतो बघा."

दुसऱ्या दिवशी मी बाळला बोलू दिलं. डेपोपाशी थांबून म्हटलं, बोल, आता तुझी पाळी. मला वाटलं होतं तो रडेल, सबबी सांगेल, हातापाया पडेल. तो म्हणाला, "यातलं मला तू कधी सांगितलंस?"

मी डेपोच्या बाकावर बसले. दोन बस सुटल्या. माझ्याच डोक्यातल्या माणसाने माझंच तोंड बंद केलं होतं, याहून मोठा अपमान कोणता? मी इतकी चिडले की शाळेनंतरचा चढ जवळजवळ पळत चढले, आणि त्यानंतर रोज पळले. महिनाअखेरीस काटा अडुसष्टवर आला.

सगळ्या तपासण्या झाल्या. सगळं जुळलं. शेवटी मला एकटीला एका छोट्या खोलीत बसवलं. समोर एक बाई. त्यांचं कामच देणाऱ्या माणसाशी एकांतात बोलायचं. त्यांनी दार लावलं आणि विचारलं, "तुमची स्वतःची इच्छा आहे ना?"

चार महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. आणि विचारत होती कोण, तर जिचं माझं काही नातं नाही अशी बाई, समोरच्या कागदावरचा सहावा प्रश्न म्हणून.

मी त्या कागदाकडेच बघत राहिले. त्यांना वाटलं, मी घाबरलेय. त्या पुढे वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "नसेल तर संकोच करू नका. आम्ही घरच्यांना एवढंच सांगू की तपासण्यांत बसलं नाही. कारण कोणालाही कळणार नाही. तुमच्यावर काही येणार नाही."

त्या चांगल्या मनाने बोलत होत्या, हे मला कळत होतं. पण बाळने माझा 'हो' परस्पर देऊन टाकला होता. आता या बाई माझा 'नाही' परस्पर द्यायला निघाल्या होत्या, मागच्या दाराने, माझ्या नावावर एक खोटं घालून. माझं तोंड म्हणजे काय मी लॅबमध्ये बनवते तसली कवळी आहे, की कोणीही उचलावी आणि आपल्या जबड्यात बसवून बोलावं?

"मला आजचा दिवस द्या," मी म्हटलं आणि उठले.

डायलिसिसचा विभाग त्याच इमारतीत, तळमजल्यावर. मी जिन्याने गेले. बाळ खिडकीजवळच्या खुर्चीत अंगावर चादर घेऊन रेलला होता. दंडातून दोन नळ्या निघून मशीनमध्ये गेलेल्या. अजून अडीच तास त्याला उठता येणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुठे जाऊ शकत नव्हता.

"झालं का ताई?" तो म्हणाला. "काय म्हणाले? कधी करायचं?"

मी स्टूल ओढलं आणि सुरू झाले. चार महिने पाठ केलेलं. वाटलं होतं ओरडेन. पण आजूबाजूला सात माणसं तशीच बांधलेली होती, म्हणून हळू आवाजात बोलले, आणि हळू आवाजात ते सगळं जास्त वाईट वाटत होतं. गादी. मनगट. समुद्र. चादरी.  मशीनचं चाक फिरत होतं. मग जे मी रस्त्यावरही कधी बोलले नव्हते ते आलं.

"बाबा रोज विचारायचे, बाळ आला का. जीभ वळायची नाही, तरी तेवढं नीट म्हणायचे. मी सांगायची, निघालाय. सहा वर्षं, रोज. शेवटच्या दिवशीसुद्धा. तुझ्यासाठी मी मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले बाळ."

त्याने डोळे मिटले. "मला माहीत आहे. आईने सांगितलं होतं."

"आणि तरी त्या दिवशी डॉक्टरांसमोर तू मला विचारलंसुद्धा नाहीस. शेजारी बसले होते मी. एक शब्द. 'ताई, देशील का?' एवढा जड होता?"

त्याने नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

मला वाटलं, उठावं आणि त्याच्या कानाखाली वाजवावी. कारण ते खरं होतं. मी नाहीच म्हणाले असते. त्याला ते ठाऊक होतं, म्हणूनच त्याने विचारलं नाही. इतकी वर्षं मी त्याला भोळा, लाडावलेला, बेफिकीर समजत होते. तो भोळा बिळा काही नव्हता. त्याला माझ्यातलं सगळं कळत होतं आणि त्याने हिशेबाने मला बोलू दिलं नव्हतं.

"मग आता विचार," मी म्हटलं.

"ताई..."

"विचार. माझ्याकडे बघून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "ताई, मला किडनी देशील का?"

"नाही."

शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याने मान वळवली. मी तो शब्द हळू म्हटला नव्हता. बाळच्या चेहऱ्यावरचं जे काही थोडं रक्त होतं तेही गेलं. मला वाटलं आता तो आईचं नाव काढेल, मुलीचं काढेल, हात जोडेल. मी त्या प्रत्येकाला उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने काहीच केलं नाही. खालचा ओठ दातांत धरून त्याने दोनदा मान हलवली.

"बरं," तो म्हणाला. मग, "बरोबर आहे तुझं." आणि नळी नसलेल्या हाताने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. त्याला थंडी वाजत होती.

मी तशीच बसले. माझा 'नाही' तिथे होता, आम्हा दोघांच्या मधे, आणि कोणीही तो उचलून दुसरीकडे ठेवत नव्हतं. आत काहीतरी मोकळं होईल असं वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. राग होता तिथेच होता, जागचा हलला नव्हता. फक्त आता त्याच्यासमोर बसून मला हवं ते ठरवता येत होतं.

"आता परत विचार," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. "काय?"

"तेच. परत."

"कशाला ताई? झालं ना सांगून तुझं."

"ते आधीचं होतं. ते माझं राहिलं होतं, ते मी घेतलं. माफ मी तुला केलेलं नाही आणि करेन असंही नाही. तू परत विचार."

त्याने दोन वेळा तोंड उघडून मिटलं. तिसऱ्या वेळी शब्द आले, अर्धे रडण्यातच बुडालेले, पण पूर्ण आले. सगळे. "देशील का"पर्यंत.

"देते," मी म्हटलं. "आणि रडायचं बंद कर आधी, नळी हलतेय."